कादंबरी वाचून उंबरठ्यावर

दिवाळीची सुट्टी लागली की मालवणात पुण्या-मुंबईची गर्दी होते. आमच्या ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे पुष्कळ जण निघण्यापूर्वी फोन करतात. पूर्वी ते विचारत, राहायची सोय कुठे होईल, मासे कुठे चांगले मिळतील. आता ती माहिती त्यांच्या हातातल्या फोनवरच असते. त्यामुळे अलीकडे काही जण निराळाच प्रश्न विचारतात : "येण्याआधी काय वाचू?"

हा प्रश्न मला आवडतो. कुठल्याही गावी कोरे जाण्यापेक्षा चार पाने वाचून जाणारा माणूस केव्हाही बरा. तरी उत्तर देताना मी थोडा अडखळतो. कारण विचारणाऱ्याला बहुधा कादंबरी हवी असते. गॅझेटिअर त्याला नको असते, कागदपत्रांचे खंड तर नकोच नको. त्याला किल्ल्याच्या तटावर उभे राहिल्यावर कुणीतरी बोलताना ऐकू यायला हवे असते, वाड्याच्या ओसरीवर कुणीतरी बसलेले दिसायला हवे असते. गॅझेटिअरमधली माणसे बोलत नाहीत, ती फक्त गादीवर बसतात आणि मरतात.

आपल्या मराठी वाचकाला ही सवय जुनी आहे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली आणि थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्या कितीतरी माणसांची पावले आपोआप नदीकडे वळू लागली. १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव तिथे वारले, रमाबाई तिथेच सती गेल्या. वृंदावनापाशी डोळे पुसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या ज्या रमाबाईंसाठी रडतात त्या देसाईंच्या रमाबाई असतात. खऱ्या रमाबाईंच्या मनात काय होते, हे त्या काळच्या कागदपत्रांत फार थोडे उतरले आहे. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'ने (१९७२) पाबळची मस्तानीची कबर अशीच ओळखीची केली. शिवाजी सावंतांच्या 'छावा'ने (१९७९) संगमेश्वरचा कसबा. मराठी मध्यमवर्गाच्या सहलींचा नकाशा काढला तर त्यातल्या निम्म्या वाटा कादंबरीकारांनी आखलेल्या सापडतील.

यात वाईट काय? थेऊरपुरते बोलायचे तर काहीच नाही. माधवराव-रमाबाईंना मूलबाळ नव्हते. दोनशेहून अधिक वर्षे लोटली. तिथे कुणाला काही खुपण्याचा संभव नाही. प्रश्न उभा राहतो तो ज्या घरात, किंवा ज्या घराच्या आसपास, अजून कुणीतरी राहत असते तिथे.

यासाठी मला रत्नागिरीला जावे लागेल. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. त्याआधी आम्ही सगळे रत्नागिरी जिल्ह्याचेच. कलेक्टरचे काम असो की जिल्हा कोर्टातली तारीख, मालवणच्या माणसाला रत्नागिरी गाठावी लागे, एके काळी बोटीने आणि पुढे एसटीने. काम झाले, बोटीला किंवा गाडीला वेळ असला, की ही माणसे टेकडीवर जाऊन थिबा राजाचा पॅलेस लांबून बघून येत. आमच्या लहानपणी घरातली वडीलधारी मंडळी "थिबाची हवेली" अशा थाटात त्याचे वर्णन करीत. कोण हा थिबा, हे त्यांना धड ठाऊक नसे. ब्रह्मदेशाचा राजा होता, इंग्रजांनी आणून ठेवला, इथेच मेला, इतकेच.

तेवढेही खरेच होते. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबा आणि राणी सुपयालत यांना आधी मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणले. तेव्हापासून १९१६ च्या डिसेंबरात मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, तो राजा रत्नागिरीबाहेर गेला नाही. चार मुली. त्यांच्या तोलामोलाचे स्थळ कोकणात कुठून मिळणार, आणि ब्रह्मदेशातून इंग्रज कुणाला येऊ देणार? थोरली राजकन्या मंडालेत जन्मलेली. तिचे मन जडले ते वाड्याच्या पहाऱ्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या आपल्याकडच्याच, लग्न झालेल्या माणसावर. १९०६ साली तिला मुलगी झाली. तिचे नाव तुतू. थिबा गेल्यावर १९१९ मध्ये राणी आणि मुली रंगूनला परतल्या, पण थोरली राजकन्या पुढे तुतूला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली इथेच वारली. तुतू मराठी झाली. तिची भाषा मराठी, लग्न मराठी माणसाशी, आणि संसार अतिशय हलाखीचा. ती २००० साली वारली.

त्याच २००० साली अमिताभ घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या पूर्वार्धातला मोठा भाग रत्नागिरीत घडतो. राजा दुर्बिणीतून खाडीकडे, समुद्राकडे बघत बसतो. राणी ताठ. दासी डॉली. कलेक्टर बेनीप्रसाद डे आणि त्याची बायको उमा. आणि थोरल्या राजकन्येला सावंत नावाच्या गाडीवानापासून दिवस जातात. कादंबरी मोठी आहे, फार चांगली आहे, आणि राज्य गेलेल्या माणसाबद्दल इतक्या मायेने लिहिलेले मी थोडेच वाचले आहे. ती जगभर वाचली गेली. तेव्हापासून रत्नागिरीला येणाऱ्या पाहुण्यांत एक नवी जात दिसू लागली. कादंबरी वाचून आलेला पाहुणा.

हा पाहुणा पॅलेसमध्ये शिरतो आणि डॉलीची खोली शोधतो. डॉली कधी नव्हतीच, कलेक्टर डेही नव्हता. आणखी एक गंमत आहे. आज आपण जो जांभ्या दगडाचा, लाल, उतरत्या छपरांचा पॅलेस बघतो तो पुरा झाला आणि राजघराणे त्यात राहायला गेले ते १९१० साली. त्याआधीची चोवीस वर्षे ती माणसे रत्नागिरीतल्याच दुसऱ्या बंगल्यांत काढीत होती. कादंबरीतले रत्नागिरीचे नाट्य १९०५ च्या सुमाराचे. म्हणजे वाचून आलेला माणूस ज्या भिंतींना हात लावून हळवा होतो, त्या भिंती त्याच्या मनातला प्रसंग घडला तेव्हा उभ्याच नव्हत्या. घोष यांनी यात काही लपवलेले नाही. त्यांच्या कादंबरीत घराचे नावही निराळे आहे. चूक असलीच तर वाचणाऱ्याच्या घाईची.

पण भिंतींचे एक सोडा. दगडाला काही वाटत नाही. मला अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. ती कादंबरी लिहिली जात होती त्या वर्षांत, जिच्या जन्माची गोष्ट तीत कल्पनेच्या अंगाने रंगवलेली आहे ती बाई रत्नागिरीतच, नव्वदी ओलांडून, जिवंत होती. तिने इंग्रजी कादंबरी वाचण्याचा प्रश्न नव्हता. पण तिची मुले, नातवंडे होती. जी गोष्ट शहराने तोंडाला पदर लावून ऐंशी-नव्वद वर्षे कुजबुजली, ती आता विमानाने आलेले पाहुणे दुकानात मोठ्याने विचारू लागले : "त्या राजकन्येच्या आणि गाडीवानाच्या वंशातले कोणी इथे राहतात म्हणे, कुठे घर आहे त्यांचे?"

गाडीवान. खरा माणूस गाडीवान नव्हता. कादंबरीने त्याला गाडीवान केले आणि तो गाडीवान होऊन बसला. एका घराण्याच्या आजोबांचा धंदा असा बदलला.

आपल्याकडे, म्हणजे आमच्या घरांत, लहानपणापासून एक गोष्ट बजावली जाते. एखाद्याच्या पाठीमागे त्याला आवडणार नाही असे बोलणे म्हणजे गीबत. मौलवीसाहेबांना मुले हमखास विचारायची, "पण ते खरे असले तर?" उत्तर ठरलेले : खरे असले तरच ती गीबत, खोटे असेल तर ते बोहतान, म्हणजे आळ, आणि आळाचा गुन्हा त्याहून मोठा. हदीसमध्येच ही फोड केलेली आहे. मुलांना ते अजब वाटे, कारण खरे बोलणे हा गुन्हा कसा होऊ शकतो हे त्यांच्या पचनी पडत नसे. मोठेपणी कळते की खऱ्या गोष्टीलाही मालक असतो.

या मापाने ऐतिहासिक कादंबरी मोजायची झाली तर काय म्हणायचे? तिच्यात दोन्ही मिसळलेले असते. राजकन्येला मूल झाले हे खरे. ते कसे, कुठल्या संध्याकाळी, कोण कोणाला काय बोलले, हे रचलेले. वाचणाऱ्याला शिवण दिसत नाही. दिसू नये हीच तर कादंबरीकाराची कारागिरी.

मी काही कादंबरीवर फतवा काढायला बसलेलो नाही. उलट माझे मत असे आहे की कादंबरीकाराला ही सूट द्यायला हवी. मेलेल्या माणसांविषयी फक्त पुराव्याने सिद्ध होईल तेवढेच बोलायचे ठरवले तर फक्त राजांविषयी आणि जमाखर्चाविषयीच बोलता येईल. दासी, पहारेकरी, सुईण, खलाशी यांचे कागद कोणी ठेवले आहेत? त्यांना बोलते करायचे तर कल्पनाच हवी. शिवाय कादंबरीकार पहिल्या पानापासून सांगत असतो की ही कादंबरी आहे. त्याने करार केलेला असतो आणि तो आपल्या खोलीत बसून लिहितो, कुणाच्या दारात उभा राहत नाही.

दारात उभा राहतो तो वाचक. तो कराराची अट घरी विसरून येतो. 'हे काल्पनिक आहे' हा कादंबरीकाराचा बचाव पानांच्या आत चालतो. उंबरठ्यावर तो चालत नाही, कारण तिथे विचारला जाणारा प्रश्न "तुम्ही त्याच घरातले ना?" असा असतो. माझ्या मते ऐतिहासिक कादंबरीचा नैतिक प्रश्न लेखकापेक्षा जास्त वाचकाचा आहे, आणि तोही पुस्तक मिटून एसटीत बसल्यानंतरचा. आपली समीक्षा मात्र गेली साठ वर्षे लेखकालाच कोर्टात उभी करते आहे : त्याने साधने पाहिली का, संवाद काळाला धरून आहेत का. वाचकाची उलटतपासणी कोणी घेत नाही.

हदीस गोळा करणाऱ्यांनी एक शिस्त घालून दिली होती. नुसते वचन सांगून भागत नसे, ते कोणी कोणाकडून ऐकले याची सगळी साखळी सांगावी लागे. साखळीतला एखादा माणूस विसराळू किंवा थापाड्या ठरला तर वचन कितीही सुंदर असो, ते कमकुवत समजले जाई. सुंदर आहे म्हणून खरे, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. आपण सर्वसाधारण वाचक नेमका तोच न्याय लावतो. बहादुरशाह जफर यांच्या बाबतीत काय झाले ते बघा. थिबाची आणि त्यांची उलटापालट विलक्षण आहे. इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा रंगूनला नेला, तो १८६२ साली तिथे वारला. आणि तेवीस-चोवीस वर्षांनी ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीला आणला, तो इथे वारला. रंगूनला जफर यांच्या कबरीवर जाणारा प्रत्येक हिंदी माणूस ओठांवर ती एक गझल घेऊन जातो, यारच्या गल्लीत कबरीपुरतीही जमीन मिळाली नाही म्हणणारी. ती गझल त्यांचीच का, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे. पण तिथे उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून बघा. तो तुमच्यावर चिडेल. साखळी तुटलेली असली तरी त्याच्या डोळ्यांतले पाणी खरे असते, आणि त्या पाण्याचा आधार तुम्ही काढून घेताय असे त्याला वाटते.

माझे एक शिक्षक मित्र आहेत, आयुष्यभर मराठी शिकवलेले. त्यांना माझे हे म्हणणे पटत नाही. ते म्हणतात, "तुमची ती तुतू कादंबरी येण्यापूर्वी कोणाला ठाऊक होती? राजाची नात गरिबीत दिवस काढते याची लाज कुणाला वाटली होती? गोष्ट आल्यावर निदान माणसे विचारू तर लागली. विसरून जाणे हा मोठा अन्याय की चुकीचे आठवणे?" मला याला पटकन उत्तर देता येत नाही. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या कबरीपुढे उभे राहिले, त्याच वर्षी सुधा शाह यांचे त्या घराण्यावरचे भरपूर शोध घेतलेले पुस्तक इंग्रजीत आले. कादंबरीने पेरलेले कुतूहल या साऱ्याच्या मुळाशी थोडेतरी असणारच. मित्राचे म्हणणे बरोबर आहे की कादंबरी नसती तर कित्येकांना ते घर म्हणजे नुसती एक लाल इमारत वाटली असती.

त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. सावंतवाडीचा राजवाडा. सावंत-भोसल्यांचे हे घराणे सोळाव्या-सतराव्या शतकापासूनचे. तिसऱ्या खेमसावंतांनी (कारकीर्द १७५५ ते १८०३) हा वाडा बांधला. त्यांची राणी लक्ष्मीबाई शिंद्यांच्या घरातली. नवरा गेल्यावर गादीभोवती दत्तक, कारस्थाने, मारामाऱ्या असे जे काही माजले त्यात दहा कादंबऱ्यांचा ऐवज आहे. पण घराघरांत वाचली गेली अशी वाडीच्या घराण्यावरची कादंबरी नाही. त्यामुळे पाहुणा मोती तलावाकाठी फोटो काढतो, लाकडी फळे आणि खेळणी विकत घेतो, राजवाड्यात शिरतो आणि वीस मिनिटांत बाहेर येतो. "बरा आहे," म्हणतो.

मात्र त्या वीस मिनिटांत, मनात कोणतीही कथा नसल्यामुळेच, त्याला एक गोष्ट दिसू शकते. दरबार हॉलमध्ये बसून चितारी मंडळी गोल पत्त्यांवर बारीक कुंचल्याने चित्रे काढीत असतात. गंजिफा. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी या दांपत्याने ही मरू घातलेली कला आपल्या वाड्यात जागा देऊन जगवली. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या. खेळ इराणकडून आलेला, नाव फारसी. बाबरने १५२७ साली सिंधकडे गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. मोगली गंजिफ्यात आठ रंगांचे शहाण्णव पत्ते, त्यांची नावे ताज, शमशेर, गुलाम अशी. आपल्याकडे त्याचा दशावतारी गंजिफा झाला, दहा अवतारांचे एकशेवीस पत्ते, आणि मासा, कासव, वराह वाडीच्या लाखेच्या रंगात येऊन बसले. एखादी गाजलेली कादंबरी असती तर पाहुणा या माणसांना ओलांडून राणी लक्ष्मीबाईंचे दालन शोधायला आत गेला असता. मित्राला मी एवढेच म्हणतो की कादंबरी जितके दाखवते तितकेच झाकते. ते मान हलवतात आणि चहा मागवतात. हा वाद आमच्यात बरीच वर्षे चालू आहे.

आधी वाचून जाण्याचा सगळ्यात वाईट नमुना मात्र मराठी कादंबरीतला नाही. तो विजयदुर्गाचा आहे. क्लेमंट डाउनिंग नावाच्या इंग्रज खलाशाने १७३७ साली लंडनला हिंदुस्थानातल्या लढायांवर पुस्तक छापले, त्यात आंग्र्यांचा वृत्तांत होता, 'चाचा आंग्रिया' म्हणून. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल. आपल्या किनाऱ्यावर ते दस्तक मागत आणि न घेणाऱ्याला पकडत, जसे पोर्तुगीज त्यांच्या आधी शंभर-दोनशे वर्षे करीत आले होते. पण इंग्रजी वाचकाच्या डोक्यात आंग्रिया म्हणजे चाचा हे पक्के बसले. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले तेव्हा ते चाच्याचे घर मोडायला आले होते. आरमार जळले, लूट वाटून घेतली, आणि तुळाजी आंग्रे, ज्याच्या विरुद्ध दुर्दैवाने पेशवेही इंग्रजांबरोबर होते, कैदेत गेले ते परत सुटले नाहीत. एका पुस्तकामुळे किल्ला पडला असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. व्यापार, पैसा आणि आपल्यातली दुही ही कारणे होतीच. पण दरोडेखोराच्या घरात शिरताना मनाला जी टोचणी लागत नाही, ती टोचणी आधीच काढून ठेवण्याचे काम गोष्टी करतात. मनोहर माळगावकरांनी १९५९ साली कान्होजींचे चरित्र इंग्रजीत लिहिले आणि पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणले, तेव्हा कुठे हा चाचा सामान्य वाचकाच्या मनात पुन्हा सरखेल झाला. त्याला दोनशेहून जास्त वर्षे लागली.

अलीकडचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. 'छावा'वर आधारलेला हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत लागला. त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्के फितूर दाखवले म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. संभाजी महाराजांना संगमेश्वरी पकडून देण्यात शिर्क्यांचा हात किती, यावर इतिहासाच्या अभ्यासकांत एकमत नाही. येसूबाई तर शिर्क्यांच्याच लेक, हेही लोकांना फारसे आठवत नाही. शिर्के आडनावाचा मुलगा त्या महिन्यात शाळेत गेला असेल तेव्हा त्याच्याकडे वर्गाने कसे पाहिले असेल, याचा मी विचार करतो. त्याच दिवसांत बुऱ्हाणपूरकडे, असीरगडाच्या पायथ्याशी, चित्रपट बघून आलेली माणसे मोगलांचे सोने सापडेल म्हणून रात्री टॉर्च घेऊन लोकांची शेते खणत होती. शेत कोणाचे, पीक काय, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. गोष्ट वाचून किंवा बघून दुसऱ्याच्या दारी जाण्याचे इतके उघडे रूप मी दुसरे पाहिलेले नाही.

त्या शिर्के मुलाविषयी मला इतक्या सहज वाटते, याचे कारण या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आपल्या घरी येणारा पाहुणाही पुष्कळदा वाचूनच आलेला असतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांत आपल्या नावाची माणसे बहुधा तंबूच्या पलीकडच्या बाजूला असतात, दाढी कुरवाळत असतात, आणि त्यांच्या तोंडी एक अशी हिंदी-उर्दू असते जी कोकणातल्या कुठल्याच मोहल्ल्यात कोणी बोलत नाही. हे वाचून आलेला सज्जन माणूस आमच्या पडवीत बसतो, सोलकढीचा घोट घेतो आणि कौतुकाने म्हणतो, "तुम्ही मराठी छान बोलता!" त्याच्या मनात काही वाकडे नसते. त्याने फक्त आमच्या घराण्याविषयीची कादंबरी आधी वाचलेली असते आणि तिच्यात आम्ही मालवणी बोलत नव्हतो. दुसरा कुणी हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) वाचून आलेला असतो. 'इंधन' ही आपल्या भाषेतली फार मोठी कादंबरी, कोकणातल्या मुसलमान गावाची आतून लिहिलेली. पण तीही एका गावाची, एका माणसाच्या नजरेची. ती वाचून "कोकणातला मुसलमान आता मला समजला" म्हणणारे मला भेटले आहेत. आतून लिहिलेल्या पुस्तकानेही दार बंद होऊ शकते. फक्त ते जास्त प्रेमाने बंद होते.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीतून जाताना वाटाडे सांगत असतात : कुरटे बेट, १६६४ साली पाया घातला, तीन वर्षे काम चालले, पायाच्या दगडांत शिसे ओतले, तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर. होडीत कुणी 'श्रीमान योगी' वाचलेला असतो, तो मध्येच महाराजांच्या तोंडचे वाक्य म्हणतो. मराठ्यांच्या आरमारात दौलतखान नावाचा अधिकारी होता, १६७९ साली खांदेरीपाशी इंग्रजांशी झुंज झाली तेव्हा मराठी गलबते त्याच्या हाताखाली होती, हे मी कधीकधी सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा क्षणभर गोंधळतो. दौलतखानाचे घर मला दाखवता येत नाही. ते कुठे होते याची खूण उरलेली नाही, म्हणून तिथे कुणी रडायला किंवा खणायलाही जात नाही.

म्हणून "काय वाचू?" या प्रश्नाला मी अलीकडे दोन पुस्तके सांगतो, एक कादंबरी आणि एक साधा इतिहास, आणि म्हणतो की कादंबरी परतीच्या गाडीत वाचा. आधी माणसे आणि दगड बघून घ्या, मग ज्याने त्यांची गोष्ट केली त्याचे ऐका. तेव्हा तुमच्याजवळ त्याच्याशी भांडायला काहीतरी असेल. फार थोडे जण ऐकतात. कादंबरी आधी वाचण्यात जी गोडी आहे ती मला माहीत आहे, मीही तसाच वाढलो.

किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. मागच्या हिवाळ्यात एका घराबाहेर वाळवण घालत बसलेल्या बाईंना एका पुणेकर गृहस्थांनी अतिशय आदराने, हात जोडून विचारले, "तुमचे पूर्वज महाराजांच्या वेळेपासून इथेच का हो? रात्री या तटावर बसल्यावर तुम्हाला काय वाटत असेल!" बाईंनी हातातले सूप खाली ठेवले, त्यांच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "पावसात येवा, मगे सांगतंय."

पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात.